लघवीची नळी : घालणे सोपे, सांभाळणे अवघड

गेल्या आठवड्यातील गोष्ट. दुपारी बाराच्या सुमारास नवीन जालन्यातील माझ्या दवाखान्यासमोर एक रिक्षा येऊन थांबली. आत सत्तरी ओलांडलेले एक आजोबा, त्यांना सावरून धरणारा मुलगा आणि शेजारी सून. सुनेच्या हातात लघवीची पिशवी होती. ती तिने सलाईनच्या बाटलीसारखी उंच, आजोबांच्या डोक्याच्याही वर धरली होती. नळीत साचलेली पिवळसर लघवी पिशवीकडे जाण्याऐवजी उलटी आजोबांच्या पोटाकडे परतत होती.

"ताई, आधी ती पिशवी खाली घ्या," मी म्हणालो.

"खाली ठेवली तर घाण लागंल ना साहेब. म्हणून घरापासून अशीच वर धरून आणली. मामांना त्रास नको व्हायला," ती म्हणाली.

एक तासाच्या प्रवासात तिचा हात भरून आला असेल. पण तिने तो खाली घेतला नव्हता. तिच्या मायेत काहीच कमी नव्हते. कमी होती ती माहितीची. प्रोस्टेटची गाठ वाढून आजोबांची लघवी अडली, म्हणून एका दवाखान्यात त्यांना नळी घातली गेली. घरी सोडताना औषधांची चिठ्ठी मिळाली, आठ दिवसांनी दाखवायला सांगितले गेले. पण पिशवी कुठे टांगायची, कशी रिकामी करायची, आंघोळ कशी घालायची, हे सांगायचे राहून गेले.

आमच्या सिस्टरने त्या सुनेला बाकावर बसवून दहा मिनिटे सारे समजावून सांगितले. तेवढ्यात माझ्या मनात आले, ही दहा मिनिटे आपल्या सर्व वाचकांना मिळाली पाहिजेत. कारण आज प्रत्येक गल्लीत, प्रत्येक वस्तीवर नळी घातलेला एखादा तरी रुग्ण असतो. कोणाला अर्धांगवायू झालेला असतो, कोणाचे खुब्याचे हाड मोडलेले असते, कोणाचे मोठे ऑपरेशन झालेले असते.

नळी म्हणजे नेमके काय?

आपले दोन मूत्रपिंड दिवसरात्र लघवी तयार करतात. ती मूत्राशय नावाच्या पिशवीत साठते. साधारण दीडशे ते दोनशे मिलिलिटर लघवी साठली की जाणीव होऊ लागते आणि चारशे-पाचशे झाली की माणसाला राहवत नाही. प्रोस्टेटची गाठ, मूतखडा, मज्जारज्जूला झालेली इजा किंवा ऑपरेशनची भूल यांमुळे लघवी अडली, तर ती बाहेर काढण्यासाठी मूत्रमार्गातून मूत्राशयापर्यंत एक मऊ नळी घालतात. तिलाच कॅथेटर म्हणतात.

अशा नळ्यांची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. मूत्रमार्गाचे तोंड आकसले असता लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी तूप लावून घालावी, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. आज आपण वापरतो ती नळी मात्र अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञ डॉ. फ्रेडरिक फोली यांच्या नावाने ओळखली जाते. १९३० च्या दशकात त्यांनी ती तयार केली. तिच्या टोकाशी एक छोटा रबरी फुगा असतो. नळी मूत्राशयात पोहोचली की बाहेरून सिरिंजने निर्जंतुक पाणी भरून हा फुगा फुगवतात. त्यामुळे नळी आपोआप बाहेर येत नाही. म्हणूनच नळी कधीही ओढू नये. भ्रमात असलेले रुग्ण पुष्कळदा फुगलेल्या फुग्यासह नळी उपसून काढतात आणि मग मूत्रमार्ग फाटून मोठा रक्तस्राव होतो.

जंतू शिरतात कसे?

निसर्गाने मूत्रमार्गाच्या रक्षणाची सोपी व्यवस्था केली आहे. लघवीच्या धारेबरोबर मार्गातील जंतू रोज अनेक वेळा धुऊन निघतात. नळी घातली की ही धार बंद होते. शरीराचे दार चोवीस तास किंचित उघडे राहते.

या उघड्या दारातून जंतू दोन वाटांनी आत जातात. पहिली वाट नळीच्या बाहेरच्या अंगाने. गुदद्वाराजवळचे, त्वचेवरचे जंतू नळीला धरून हळूहळू वर चढतात. दुसरी वाट नळीच्या आतून. पिशवीची तोटी घाणेरड्या भांड्याला टेकली, नळी आणि पिशवी यांचा सांधा उघडला किंवा पिशवी वर उचलली, की जंतू आतल्या बाजूने प्रवास करतात. विहिरीच्या पायऱ्यांवर जसे शेवाळ धरते, तसा नळीच्या पृष्ठभागावर जंतूंचा बुळबुळीत थर बसतो. एकदा हा थर बसला की त्याच्या आत प्रतिजैविक औषधेही नीट पोहोचत नाहीत.

पूर्वी नळीचे दुसरे टोक खाटेखाली ठेवलेल्या उघड्या बाटलीत सोडत. अशा उघड्या पद्धतीत चार दिवसांच्या आत जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या लघवीत जंतू सापडत. १९६६ साली अमेरिकेतील कुनिन आणि मॅककॉर्मॅक या डॉक्टरांनी दाखवून दिले की, नळीपासून पिशवीपर्यंतचा सारा मार्ग बंद ठेवला, तर हे प्रमाण पुष्कळ कमी होते. आज आपण पाहतो ती तोटीची बंद पिशवी त्याच विचारातून आली आहे.

तरीही धोका संपलेला नाही. काळजी घेऊनसुद्धा नळी असलेल्या रुग्णाच्या लघवीत जंतू येण्याची शक्यता दर दिवसाला सुमारे ३ ते ७ टक्के असते. महिनाभर नळी राहिली तर जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. याचा अर्थ सरळ आहे. नळी किती चांगली घातली यापेक्षा ती किती दिवस ठेवली, याला अधिक महत्त्व आहे.

माझी एक चूक

हे मी पुस्तकातून शिकलो. पण मनावर कोरले गेले ते एका चुकीने. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मी तेव्हा शिकाऊ डॉक्टर होतो. आमच्या वॉर्डात एक वयस्क शेतकरी खुब्याच्या ऑपरेशनसाठी दाखल झाले. ऑपरेशनच्या दिवशी त्यांना नळी घातली. ते ठीकच होते. तिसऱ्या दिवशी सकाळी राउंडच्या वेळी वॉर्डातील सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, बाबांची नळी आज काढायची का? आता त्यांना भांडे देता येईल."

मी घाईत होतो. म्हणालो, "राहू द्या सिस्टर, उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी त्यांची साप्ताहिक सुट्टी होती. त्यानंतर त्यांची रात्रपाळी लागली. माझा तो "उद्या" काही आला नाही. चादरीखालची नळी मला दिसत नव्हती आणि मी चादर उचलून पाहत नव्हतो. नवव्या दिवशी बाबांना हुडहुडी भरून ताप आला, ते असंबद्ध बोलू लागले, रक्तदाब उतरला. जंतू लघवीतून रक्तात गेले होते.

बाबा वाचले. पण चार-पाच दिवसांत घरी जाणारा माणूस आणखी दोन आठवडे खाटेवर राहिला. मृगाचा पाऊस पडून गेला होता. त्यांचा एकुलता मुलगा वॉर्डाच्या खिडकीत बसून ढगांकडे पाहत असे. पेरणी लांबली. सुयांच्या आणि सलाईनच्या खर्चासाठी त्याने बैलजोडीतील एक बैल विकला, हे मला नंतर कळले. त्याने माझ्याबद्दल एक शब्द वाईट काढला नाही. जाताना उलट पाया पडला. त्या दिवशी मला फार लाज वाटली.

सिस्टरनी मात्र मला एकच वाक्य ऐकवले. "सर, नळी घालताना तुम्ही सही करता. काढायची आठवण आम्ही द्यायची असते. पण ती ऐकायची तुम्ही असते."

मोठा डॉक्टर, मोठा विसर

ही चूक माझ्या एकट्याची नव्हती, हे पुढे कळले. २००० साली अमेरिकेत डॉ. संजय सेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णालयांत एक साधी पाहणी केली. तुमच्या कोणकोणत्या रुग्णांना लघवीची नळी आहे, असे त्यांनी डॉक्टरांना विचारले. २८ टक्के वेळा उत्तर चुकले. नळी होती आणि डॉक्टरला त्याची कल्पना नव्हती. गंमत अशी की, विद्यार्थ्यांमध्ये हे प्रमाण २१ टक्के होते आणि सर्वांत वरिष्ठ डॉक्टरांमध्ये ३८ टक्के! जितका डॉक्टर मोठा, तितका विसरही मोठा. शिवाय जवळपास एकतृतीयांश रुग्णांमध्ये नळीची योग्य गरजच नव्हती.

मग नळीची माहिती कोणाला असते? जी पिशवी रिकामी करते, लघवी मोजून तक्त्यावर लिहिते, रुग्णाची कूस बदलते, तिला. म्हणजे सिस्टरला. म्हणून पुढे अनेक रुग्णालयांनी पद्धत बदलली. रोज सकाळी सिस्टरने प्रत्येक नळीबद्दल विचारायचे, "हिची आज गरज आहे का?" काही ठिकाणी आधी ठरवून दिलेल्या नियमांत बसत असेल, तर डॉक्टरची वाट न पाहता नळी काढण्याची मुभाच सिस्टरला दिली गेली. रोजची आठवण, योग्य रीतीने नळी घालणे आणि तिची निगा, अशा उपायांची मोहीम अमेरिकेतील ६०३ रुग्णालयांत राबवली गेली. तिचा अहवाल २०१६ साली प्रसिद्ध झाला. साध्या वॉर्डांमध्ये नळीमुळे होणारा जंतुसंसर्ग सुमारे ३२ टक्क्यांनी घटला होता. अतिदक्षता विभागांत मात्र तसा फरक पडला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तेथील रुग्ण अधिक गंभीर असतात आणि नळी चटकन काढता येत नाही.

या साऱ्यात नवे यंत्र किंवा महागडे इंजेक्शन कुठेच नाही. एक प्रश्न आणि तो रोज विचारणारी सिस्टर, एवढेच.

वॉर्डात सिस्टर काय काय पाहते?

आपल्याला वाटते, सिस्टर फक्त सुया देते आणि ताप पाहते. नळीच्या बाबतीत तिचे काम किती बारकाईचे असते ते पाहा.

नळी घालण्यापूर्वी ती हात स्वच्छ धुते, निर्जंतुक हातमोजे घालते, जागा साफ करते, नळीला निर्जंतुक जेली लावते. नळी शक्य तितकी बारीक निवडते. जाड नळीने मूत्रमार्गाच्या आतील अस्तराला इजा होते. नळी घातल्यावर ती मांडीला चिकटपट्टीने बांधते. ती लोंबत राहिली तर प्रत्येक हालचालीला आत ओढ बसते, जखम होते आणि जखमेतून जंतूंना वाट मिळते.

पिशवी ती खाटेच्या कडेला अडकवते. मूत्राशयाच्या पातळीपेक्षा खाली, पण जमिनीला न टेकता. नळीला पीळ पडला नाही ना, रुग्ण नळीवर झोपला नाही ना, हे ती येता-जाता पाहते. पिशवी दोनतृतीयांश भरण्याच्या आत रिकामी करते. प्रत्येक रुग्णासाठी वेगळे भांडे वापरते आणि तोटी भांड्याला टेकू देत नाही. एकाच भांड्याने साऱ्या वॉर्डाच्या पिशव्या रिकाम्या केल्या, तर एका रुग्णाचे जंतू दहा जणांना वाटल्यासारखे होते.

पुरुष रुग्णाची स्वच्छता करताना पुढची कातडी मागे घेतली असेल, तर ती आठवणीने पुन्हा पुढे आणते. ती तशीच मागे राहिली तर सूज येऊन मोठे संकट उभे राहते. ही बारीक गोष्ट. पण चांगली सिस्टर ती चुकवत नाही.

तपासणीसाठी लघवी हवी असेल तर ती पिशवीतून घेत नाही. पिशवीतील लघवी तासन् तास साचलेली असते, तिच्यात जंतू वाढलेले असतातच. नमुना नळीवरील ठरलेल्या जागेतून, जागा पुसून, निर्जंतुक सिरिंजने घ्यावा लागतो. चुकीच्या नमुन्यावरून चुकीचे औषध सुरू होते.

आणि काही गोष्टी ती मुद्दाम करत नाही. उगाच नळी आणि पिशवीचा सांधा उघडत नाही. सरसकट मूत्राशय धुत नाही. नुसती नळी आहे म्हणून प्रतिजैविके देण्याचा आग्रह धरत नाही. ताप, वेदना काहीच नसताना लघवीत केवळ जंतू सापडले, तर बहुतेक रुग्णांना औषधाची गरज नसते. उगाच औषध दिले तर साधे जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे मागे उरतात.

हात धुण्याचे पाणी

या सर्व कामांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे स्वच्छ हात. आपल्या जालन्यात हे सांगताना जरा विचार करावा लागतो. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरच्या पाण्यावर दिवस काढलेले आपण लोक. घरात पिण्याच्या पाण्याचे हाल, तेथे पिशवीला हात लावण्यापूर्वी आणि नंतर हात धुवा म्हणून सांगणारा डॉक्टर लोकांना चेष्टेखोरच वाटणार.

पण यावर उपाय आहे. हाताला मळ किंवा लघवी लागलेली दिसत नसेल, तर अल्कोहोलयुक्त द्रव दोन्ही हातांना वीस-तीस सेकंद चोळून वाळू दिला तरी चालतो. कोरोनाच्या साथीत, २०२० पासून, ही बाटली घरोघरी परिचयाची झाली. हाताला लघवी लागली असेल तर मात्र साबण आणि पाणीच हवे. एक तांब्याही पुरतो, फक्त पाणी वरून ओतून घ्यावे. बादलीत हात बुचकळू नयेत.

ओली चादर नको, म्हणून नळी नको

आता एक कटू गोष्ट. अनेकदा नातेवाईकच डॉक्टरांना म्हणतात, "साहेब, आईला नळीच घालून द्या. सारखी चादर ओली होते." त्यांची अडचण खरी आहे. घरातील बाई रात्री चार वेळा उठते, धुणे पडते, पाणी नसते. तरीही केवळ चादर ओली होऊ नये म्हणून नळी घालणे चूक आहे. चादर ओली झाली तर बदलता येते. रक्तात जंतू गेले तर माणूस जातो. अशा रुग्णाला दर दोन-तीन तासांनी भांडे देणे, डायपर वापरणे, पुरुषांसाठी बाहेरून बसवायची निरोधसारखी नळी वापरणे, असे मार्ग आहेत. मज्जारज्जूला इजा झालेल्यांना ठरावीक वेळी स्वतः नळी घालून लघवी काढून टाकण्याची पद्धत शिकवता येते. १९७० च्या दशकापासून ती जगभर रूढ झाली आहे.

हाताच्या सेवेने काय होऊ शकते, हे आपल्याच महाराष्ट्राने पाहिले आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील अत्याचारानंतर अंथरुणाला खिळल्या, त्या २०१५ साली मृत्यू येईपर्यंत. तेथील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना सांभाळले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात या सेवेची आवर्जून दखल घेतली गेली. इतकी वर्षे अंथरुणावर असूनही अरुणाताईंच्या अंगावर एकही बेडसोअर नव्हता. कूस बदलणे, अंग कोरडे ठेवणे, चादर बदलणे, हीच ती कामे. ज्यांना आपण "हलकी कामे" म्हणतो, ती.

लघवी-शौचाचे काम करणारी म्हणून सिस्टरकडे तुच्छतेने पाहणारी माणसे अजूनही भेटतात. मुलगी नर्सिंगला जाते म्हटले की नाक मुरडणारे नातेवाईकही भेटतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, तुमच्या खाटेखालची पिशवी जी वेळेवर रिकामी करते, ती तुमचे प्राण राखत असते.

घरी नळी असेल तर

आमच्या सिस्टरने त्या सुनेला सांगितले, तेच येथे थोडक्यात देतो. कात्रण कापून ठेवावे.

१. पिशवी नेहमी कमरेच्या खाली असावी. चालताना, रिक्षात, एस.टी.त, खाटेवर, सगळीकडे. जमिनीवर मात्र ठेवू नये. खाटेला हूक नसेल तर जाड दोरीने टांगावी.

२. रुग्णाला खाटेवरून उचलण्यापूर्वी पिशवी रिकामी करावी. ती रुग्णाच्या पोटावर किंवा मांडीवर ठेवू नये.

३. पिशवीला हात लावण्यापूर्वी आणि नंतर हात धुवावेत.

४. रोज एकदा साध्या साबणाने आणि पाण्याने नळीभोवतीची जागा हळुवार धुवावी. स्त्रियांमध्ये पुढून मागे असे पुसावे. डेटॉल, हळद, पावडर, राख काही लावू नये.

५. नळी आणि पिशवी यांचा सांधा स्वतः उघडू नये.

६. डॉक्टरांनी पाणी कमी पिण्यास सांगितले नसेल, तर भरपूर पाणी द्यावे. "पाणी प्याले की पिशवी भरते" म्हणून पाणी तोडू नये.

७. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. कुंथल्याने नळीशेजारून लघवी गळते.

८. नळी कोणत्या तारखेला घातली आणि ती कधी बदलायची किंवा काढायची, हे कॅलेंडरवर लिहून ठेवावे. नळीच्या प्रकारानुसार मुदत वेगवेगळी असते. ती विचारून घ्यावी.

केव्हा थांबू नये?

थंडी वाजून ताप आला, कमरेत किंवा ओटीपोटात दुखू लागले, लघवीतून रक्त आले, तीन-चार तासांत पिशवीत थेंबही पडला नाही, किंवा वृद्ध माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सकाळची वाट पाहू नये. नुसता वास आला किंवा लघवी थोडी गढूळ दिसली, तर घाबरून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणू नयेत, डॉक्टरांना दाखवावे.

नळी काढल्यानंतरही काम संपत नाही. पुढील चार ते सहा तासांत लघवी झाली पाहिजे. झाली नाही, पोट फुगले, तर लगेच सांगावे.

एक प्रश्न तुम्हीही विचारा

आपल्याकडील वॉर्डांत एका सिस्टरला कित्येक रुग्ण सांभाळावे लागतात, रात्रपाळीत तर अधिकच. तिचे लक्ष सगळीकडे एकाच वेळी कसे राहणार? २०२४ साली जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, याचा आनंद आहे. तेथे तयार होणाऱ्या डॉक्टरांनी सिस्टरचा प्रश्न ऐकण्याची सवय पहिल्या वर्षापासून लावून घ्यावी, एवढी इच्छा आहे.

आणि तुम्हा वाचकांना एक विनंती. तुमचा माणूस दवाखान्यात असेल आणि त्याला नळी असेल, तर रोज सकाळी नम्रपणे विचारा, "सिस्टर, मामांच्या नळीची आज गरज आहे का?" यात कोणाचा अपमान नाही. चांगली सिस्टर या प्रश्नाने रागावत नाही. तिला सोबत मिळाल्यासारखे वाटते. डॉक्टर "उद्या बघू" म्हणाले, तर उद्या पुन्हा विचारा.

त्या आजोबांचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. प्रोस्टेटच्या गोळ्या सुरू होऊन काही दिवस झाले होते, म्हणून या सोमवारी सकाळी सिस्टरने फुग्यातील पाणी काढून नळी काढली. आजोबा ओसरीत बाकावर बसून पाणी पीत राहिले. साडेतीन तासांनी ते आपल्या पायांनी मोरीकडे गेले आणि हसत बाहेर आले. सून माझ्याकडे आली नाही. ती सरळ सिस्टरकडे गेली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

मला ते अगदी योग्य वाटले.